दाराजवळचं बाकडं: मुंबईतल्या छोट्या घरात पहिलं फर्निचर स्वतः बनवताना

मी बनवलेलं पहिलं बाकडं त्याच्या जागेत शिरलंच नाही. मुलुंडच्या आमच्या वन बीएचकेमध्ये दाराची चौकट संपते आणि बेडरूमची भिंत सुरू होते, त्या मध्ये एक कोनाडा आहे. चपला तिथेच पडायच्या. मी टेप घेऊन उभ्याउभ्याच माप घेतलं, ९१४ मिलिमीटर भरलं, शहाणपणा करून ९१० चं बाकडं केलं. दोन शनिवार खपून तयार केलेलं ते बाकडं सरकवायला गेले तर खाली अडकलं. जमिनीलगतच्या स्कर्टिंगच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी १२-१२ मिलिमीटर पुढे आलेल्या होत्या, आणि त्या मी मोजल्याच नव्हत्या. ते बाकडं सध्या विक्रोळीला नणंदेकडे आहे. तिच्याकडे ते इतकं चपखल बसलंय की ती मापाची गोष्ट खरीच मानत नाही.

दुसरं बाकडं मात्र कोनाड्यात बसलं. खाली सांगितलंय ते त्याच दुसऱ्या बाकड्याबद्दल. बसून बूट घालता येतात, खाली दोन थरांत चपला राहतात. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. कपाट नको, कारण दारं आली की बिजागऱ्या आल्या आणि दोन मिलिमीटरची चूकसुद्धा दिसते. पलंग नको, कारण तो मोडला तर रात्री मोडतो. बाकड्यात सगळे सांधे काटकोनी असतात आणि वापर रोजचा असतो. शिवाय त्यातले सगळे तुकडे प्लायवूडच्या एका शीटमध्ये बसतात आणि निम्म्याच्या आसपास शीट उरते.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवून टाका. प्लाय आपण घरी कापायचा नाही. मुंबईच्या फ्लॅटमध्ये आठ बाय चार फुटांची शीट आडवी ठेवायलाच जागा नसते, मग ती सरळ कापणार कशी? मोठी कापणी दुकानातल्या मशीनवर होऊ द्या. माप घेणं, जोडणं आणि फिनिश ही तीन कामं आपली. हौशी लोकांचे पैसे हत्यारांत जातात आणि चुका मापात होतात. म्हणून या लेखात मापाला जागा जास्त दिली आहे.

माप

जिथे बाकडं ठेवायचं, त्या जागेची रुंदी तीन उंचींवर मोजा: अगदी जमिनीलगत, स्कर्टिंगच्या वर आणि बैठकीच्या उंचीवर. खोलीसुद्धा, म्हणजे मागच्या भिंतीपासून पुढपर्यंतचं अंतर, तशीच तीनदा. सगळ्यांत कमी भरेल तो आकडा खरा. त्यातून आणखी ८-१० मिलिमीटर वजा करा, कारण मुंबईतल्या भिंती ओळंब्यात असतील याची खात्री बिल्डरही देत नाही. माझ्या कोनाड्यात सर्वांत कमी रुंदी ८९० भरली. मी बाकडं ८८० चं धरलं.

टेपबद्दल दोन शब्द. टेपच्या टोकाचा पत्र्याचा आकडा जरासा हलतो, तो बिघाड नाही. अडकवून मोजलं की तो पुढे येतो, टेकवून मोजलं की मागे जातो, म्हणजे त्याच्या स्वतःच्या जाडीचा हिशेब तो स्वतःच करतो. आकडा वाकलेला असेल तर मात्र टेप बदला. आणि पूर्ण काम एकाच टेपने करा. दुकानात गेल्यावर दुकानदाराच्या टेपवर विसंबू नका.

दुकानात आणि मिस्त्रींच्या तोंडी तुम्हाला इंच आणि सूत ऐकू येईल. इंचाचे आठ भाग म्हणजे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण तीन मिलिमीटर. ‘दो सूत कम करो’ म्हणजे सहा मिलिमीटर कमी. भाषा समजून घ्या, पण स्वतःच्या कागदावर फक्त मिलिमीटर लिहा. इंच आणि मिलिमीटर एकाच कागदावर आले की कुठेतरी घोळ होतोच.

उंची ठरवताना घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा. दुकानातलं बाक साधारण ४५० मिलिमीटर उंच असतं. आमच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना खालच्या बैठकीवरून उठायला त्रास होतो. तुमच्याकडे तसं असेल तर ४८० करा. घरात लहान मुलं असतील तर ४०० सुद्धा चालेल. स्वतः बनवण्यातली खरी मजा इथे आहे: बाकडं घरातल्या माणसांच्या गुडघ्यांच्या मापाचं होतं. खोली ३५० ठेवा. पुरुषांचा बूट सहज ३०० मिलिमीटर लांब असतो.

घराचं दार किती उघडतं तेही बघून ठेवा. आणि बाकडं दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवायचा विचार मनातून काढून टाका. जिना आणि पॅसेज आगीच्या वेळी मोकळे लागतात.

कापणीची यादी

बाकडं ८८० रुंद, ३५० खोल, ४५० उंच. प्लाय १८ मिलिमीटरचा. बैठक दोन्ही बाजूंच्या फळ्यांच्या डोक्यावर बसणार, म्हणून बाजूंची उंची ४५० वजा १८, म्हणजे ४३२. आतल्या फळ्या दोन बाजूंच्या मध्ये बसणार, म्हणून त्यांची लांबी ८८० वजा ३६, म्हणजे ८४४. हे दोन हिशेब कळले की पुढचं कुठलंही फर्निचर तुम्ही कागदावर मांडू शकता.

बैठक: ८८० × ३५०, एक
बाजू: ४३२ × ३५०, दोन
आतल्या फळ्या: ८४४ × ३३०, दोन
बैठकीखालची पुढची पट्टी: ८४४ × ५०, एक
बैठकीखालची मागची पट्टी: ८४४ × १००, एक
तळाच्या पट्ट्या: ८४४ × ५०, दोन

आतल्या फळ्या ३५० ऐवजी ३३० का? मागे २० मिलिमीटर मोकळे सुटतात, स्कर्टिंग तिथे मावतं. बाजूंच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात स्कर्टिंगच्या मापाची खाच हाताच्या करवतीने काढली की बाकडं मागच्या भिंतीला टेकतं. पाठीला फळी लावलेली नाही, तेही मुद्दाम. जुलैमध्ये ओले बूट बंद खणात ठेवले की तिसऱ्या दिवशी बुरशी येते. वारा खेळू दे.

बैठकीखालच्या पट्ट्या म्हणजे या बाकड्याचा कणा. नुसती १८ मिलिमीटरची फळी ८४४ च्या अंतरावर ठेवून तिच्यावर दोघं बसले की ती हळूहळू झोळ देते. तीच फळी दोन उभ्या पट्ट्यांवर चिकटवली की तिचा ताठरपणा कितीतरी वाढतो. याच पट्ट्या बाकडं डुगडुगू देत नाहीत.

आता शीटवर मांडणी. पूर्ण शीट २४४० × १२२० मिलिमीटर असते. लांबीच्या दिशेने ३५० रुंदीच्या दोन पट्ट्या काढायला सांगा. पहिल्या पट्टीतून बैठक, एक आतली फळी आणि एक बाजू निघते. दुसरीतून दुसरी आतली फळी आणि दुसरी बाजू, आणि उरलेल्या तुकड्यातून चारही अरुंद पट्ट्या. प्रत्येक कापात पातं साधारण ३ मिलिमीटर लाकूड खातं, तो भुसा हिशेबात धरा. असं मांडलं की पृष्ठभागाच्या रेषा बाजूंवर उभ्या आणि बैठकीवर आडव्या येतात. डोळ्याला बरं दिसतं ते हेच. शिवाय ५१४ मिलिमीटर रुंदीची पूर्ण लांबीची पट्टी उरते. ती टाकू नका, तिच्याकडे शेवटी येते.

कोणता प्लाय

सागवानाचं वेड आधी बाजूला ठेवा. सागवान सुंदर असतं, पण नवशिक्याच्या हातात भरीव लाकूड म्हणजे हलती भिंत. लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, तेही रुंदीच्या दिशेने. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. जुलैत मुंबईत ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तेव्हा घट्ट बसवलेलं खणाचं दार जानेवारीत सैल होतं, ते याचमुळे. प्लायमध्ये एक थर उभा, दुसरा आडवा असे थर चिकटवलेले असतात. प्रत्येक थर शेजारच्याला धरून ठेवतो, म्हणून प्लाय हलत नाही. कुसूचे सांधे (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवायचं), रंधा, पटाशी हे सगळं जरूर शिका, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचे तंतू किंवा भुसा दाबून केलेल्या फळ्या, स्वस्त आणि गुळगुळीत. दाराजवळ मात्र नको. पावसाळ्यात छत्रीचं पाणी, बुटांचं पाणी, लादी पुसण्याचं पाणी, आणि एकदा कड फुगली की ती परत बसत नाही.

प्लायच्या दोन जाती लक्षात ठेवा. एमआर म्हणजे दमटपणा सोसणारा. तो आयएस ३०३ या मानकाखाली येतो आणि कोरड्या खोलीतल्या कपाटाला पुरतो. बीडब्ल्यूपी किंवा मरीन म्हणजे आयएस ७१०. त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. दाराजवळच्या बाकड्याला हाच घ्या. पैसे जास्त जातात, पण बाकडं लहान आहे. ‘वॉटरप्रूफ आहे मॅडम’ एवढ्यावर समाधान मानू नका. शीटवर आयएसआयचं चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घालून कंपनीचं नाव जुळतंय का ते दुकानात उभ्याउभ्या पाहता येतं. मी पाहते, दुकानदार हसतात.

मग शीटची कड बघा. थरांच्या मध्ये काळ्या फटी दिसल्या तर आत पोकळी आहे, आणि नेमका तुमचा स्क्रू तिथेच जाणार. बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून बघा, आवाज कुठे बद्द आला तर ती शीट नको. एका कडेला डोळा लावून लांबीवर नजर टाका, बाक किंवा पीळ लगेच कळतो. आणि स्वतःच्या पट्टीने जाडी मोजा. १८ चा म्हणून विकलेला प्लाय १७ च्या आसपास भरणं नवं नाही. तसं निघालं तर ८४४ चं माप तिथल्या तिथे बदला: ८८० वजा खऱ्या जाडीच्या दुप्पट.

भाव चौरस फुटावर सांगतात. पूर्ण शीट ३२ चौरस फूट. जीएसटी धरून की वेगळा, कापणीचे पैसे किती, टेंपोचे किती, हे तिन्ही आधी विचारा.

कुठे जायचं? प्रत्येक उपनगरात स्टेशनजवळ प्लाय-हार्डवेअरची दुकानं असतात, पण पॅनेल सॉ असलेलं दुकान शोधा. ते मोठं आडवं मशीन असतं. हातातल्या मशीनने कापून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. भरीव लाकडाचा जुना बाजार रे रोड, दारुखाना भागात आहे. तिथलं लकडा बंदर हे नावच सगळं सांगतं. हत्यारं, स्क्रू, बिजागऱ्या यांच्यासाठी नागदेवी स्ट्रीटला एकदा तरी जाऊन या, पण यादी लिहून न्या, नाहीतर न लागणाऱ्या चार वस्तू पिशवीत येतात. जुन्या फर्निचरमधले सांधे कसे करतात ते बघायचं असेल तर चोर बाजारातली मटन स्ट्रीट किंवा ओशिवऱ्याचं फर्निचर मार्केट. तिथे खुर्च्या उलट्या करून बघा. विकत काही घेतलं नाही तरी दोन तासांत खूप शिकाल.

एक फायदा नकळत होतो. पूर्ण शीट आपल्याकडच्या लिफ्टमध्ये जात नाही. कापलेले तुकडे जातात. मी पहिल्यांदा तुकडे सुतळीने बांधून रिक्षात घातले होते. पुढच्या वेळी शेजारच्यांबरोबर टेंपो वाटून घेतला.

हत्यारं, थोडीच

टेप, पेन्सिल, काटकोन तपासायचा गुण्या, ड्रिल मशीन, ३ आणि ४.५ मिलिमीटरची ड्रिल बिटं, स्क्रूचं डोकं आत बसवणारं काउंटरसिंक बिट, हाताची करवत, दोन-तीन क्लॅम्प, काचपेपर. एवढ्यात बाकडं होतं. क्लॅम्प महाग वाटले तर दोन बाजूंना सुतळीचा फेरा घालून त्यात काठी अडकवा आणि पीळ द्या. ताण भरपूर येतो. कड दबू नये म्हणून सुतळीखाली पुठ्ठा ठेवा.

बिल्डिंगमध्ये कामाला आलेल्या एका मिस्त्रींनी माझं काम बघून एकच गोष्ट सांगितली होती: ‘ताई, पहले गुनिया लगाओ, बाद में फेविकोल.’ नवा गुण्यासुद्धा तपासून घ्या. सरळ कडेला लावून रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूवरून पुन्हा मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा.

आता एका गोष्टीवर जोर देऊन सांगते. मुंबईत अनेक ठिकाणी लाकूड कापायला लादी कापायचं चार इंची मार्बल कटर वापरतात, दात्यांचं पातं घालून आणि पात्यावरचं संरक्षक झाकण, म्हणजे गार्ड, काढून. सराईत मिस्त्रीच्या हातून ते वर्षानुवर्षं चालतं म्हणून तुम्ही ते करू नका. लाकडात पातं अडकलं की मशीन उलट्या दिशेने झेपावतं, आणि गार्ड नसलेलं पातं थेट मांडीवर किंवा हातावर येतं. घरी लहान काप घ्यायचा असेल तर हाताची करवत पुरेशी आहे.

घासताना एन-९५ मास्क लावा. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. रोज घासणाऱ्या कारागिराला धोका जास्त, पण आपलं बाळ बाजूच्या खोलीत झोपलेलं असताना हॉलमध्ये धूळ उडवणंही बरं नाही. बाल्कनीत घासा, खाली ओली चादर अंथरा.

सोसायटीचंही बघा. आमच्याकडे दुपारी एक ते चार ठोकाठोकी बंद असते आणि रविवारी ती अजिबात चालत नाही. तुमच्याकडचा नियम सेक्रेटरींना आधी विचारा. ड्रिल सकाळी करा, मोजणं-चिकटवणं दुपारी. खाली जुनी गोधडी टाकली की खालच्या मजल्यावर आवाज कमी जातो.

जोडणी

सगळे तुकडे आल्यावर आधी यादीशी ताडून बघा. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलने नाव लिहा, कोणती कड पुढे येणार तिथे बाण काढा. हे पोरकट वाटतं, पण फळी उलटी चिकटल्यावर वाटत नाही.

कापलेल्या सगळ्या कडा, विशेषतः बाजूंच्या खालच्या, जोडण्याआधी बघून घ्या. जमिनीला लागणाऱ्या कडांवर फिनिशचे दोन हात आत्ताच द्या. जोडल्यावर तिथे ब्रश पोचत नाही, आणि घर पुसणाऱ्या मावशींचा ओला पोछा मात्र रोज पोचतो.

दोन्ही बाजू जमिनीवर शेजारी शेजारी ठेवा, आतला भाग वर, पुढच्या कडा एकमेकींना भिडवून. आता दोन्हींवर एकाच वेळी रेघा मारा. खालून ५० वर पहिल्या फळीची खालची रेघ, ६८ वर तिची वरची. मग १६० सोडून २२८ आणि २४६ वर दुसरी फळी. खाली बूट, वर चपला. वरच्या थराला पट्टीखाली १३६ मिलिमीटर उरतात, चपलांना पुरतात. घोट्यापर्यंतचे बूट घालणारं कोणी असेल तर मधली फळी वर सरकवा.

रेघांच्या बरोबर मध्ये, म्हणजे ५९ आणि २३७ वर, प्रत्येक फळीसाठी तीन भोकं: पुढच्या कडेपासून ५० वर, मध्ये आणि फळीच्या मागच्या कडेच्या ५० अलीकडे. बाजूच्या फळीत ४.५ चं आरपार भोक पाडा, खाली टाकाऊ तुकडा ठेवा म्हणजे मागून साल निघत नाही. बाहेरच्या अंगाने काउंटरसिंक करा. स्क्रू आठ नंबरचे, ५० मिलिमीटरचे. आतल्या फळीच्या कडेत ३ चं भोक आधी पाडल्याशिवाय स्क्रू घालू नका, प्लायचे थर फुटतात.

फळी बरोबर रेघेवर धरून ठेवणं हे एकट्या माणसाला जमत नाही. त्यासाठी युक्ती आहे. उरलेल्या प्लायमधून अगदी ५० रुंदीचे दोन आणि १६० रुंदीचे दोन तुकडे कापून घ्या. बाजू आडवी ठेवा, खालच्या कडेपासून ५० चा तुकडा, त्याला भिडवून फळी, मग १६० चा तुकडा, मग दुसरी फळी. फळी हलत नाही आणि टेप पुन्हा काढावी लागत नाही.

सगळं आधी गोंदाशिवाय जोडून बघा. स्क्रू अर्धे घट्ट करा, उभं करा, हलवा. मग खोला आणि गोंद लावा. १९५९ मध्ये मुंबईतच फेविकॉल सुरू झाला, त्याआधी सुतार जनावरांच्या हाडा-कातड्याचा सरस चुलीवर वितळवून गरमच लावायचे. आता डबा उघडला की झालं, म्हणून लोक ओततात. पातळ, सलग थर पुरतो. कडेने बारीक थेंब बाहेर आले की बरोबर. ते ओल्या फडक्याने लगेच पुसा, वाळलेल्या गोंदावर पॉलिश चढत नाही आणि पांढरे डाग कायमचे दिसतात.

क्रम असा: एका बाजूला दोन्ही फळ्या, मग दुसरी बाजू, मग तळाच्या पट्ट्या पुढून ४० आणि मागून ३० आत, मग बैठकीखालच्या दोन पट्ट्या, पुढची पुढच्या कडेला सपाट. आता सगळ्यांत महत्त्वाचं माप: समोरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. फरक असेल तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना क्लॅम्प लावून हळूच दाबा. दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक मी सोडून देते. गोंद ओला आहे तोवरच हे जमतं.

बैठक वरून स्क्रू मारून बसवू नका, डोकी कायम दिसत राहतील आणि पँटला अडकतील. पट्ट्यांच्या वरच्या कडांना गोंद लावा, बैठक ठेवा, वर तांदळाचे डबे किंवा पाण्याने भरलेले कॅन ठेवा, आणि आतून लहान एल अँगलने पट्ट्यांना जोडा. अँगलचे स्क्रू १५ मिलिमीटरहून लांब नकोत, नाहीतर वरून टोक बाहेर येईल. पूर्ण २४ तास त्यावर कोणाला बसू देऊ नका. पावसाळ्यात ४८.

कडा आणि फिनिश

प्लायची उघडी कड म्हणजे सँडविचसारखे थर. ते झाकायला मागे गोंद असलेली एज बँडची पट्टी मिळते, ती कापडाच्या इस्त्रीने चिकटते. इस्त्री मध्यम गरम ठेवा, हळू सरकवा, लगेच लाकडाच्या ठोकळ्याने दाबा, मग जादा कड काचपेपरने काढा. बैठकीच्या पुढच्या कडेला मी सागाची ६ मिलिमीटरची पट्टी गोंदाने लावली. बोट नेहमी तिथेच लागतं, तेवढी चैन मी करून घेतली.

काउंटरसिंकच्या खड्ड्यांत लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरा. भुसा आणि गोंद कालवून भरायची जुनी पद्धत आहे, पण पारदर्शक फिनिशखाली तो भाग काळपट दिसतो. रंग लावणार असाल तर चालेल.

घासायचं किती? प्लायचा वरचा पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असू शकतो. ८० नंबरच्या खरखरीत काचपेपरने जोर लावला की खालचा थर उघडा पडतो आणि त्याला उपाय नाही. १८० ने सुरू करा, २४० वर थांबा, नेहमी रेषांच्या दिशेने.

फिनिशला चपडा लाखेचं फ्रेंच पॉलिश फार देखणं असतं, पण मुंबईच्या दमट हवेत ते पांढुरकं पडतं आणि चहाच्या गरम कपाचं वर्तुळ धरून ठेवतं. सनमाईका चिकटवणं सोपं वाटतं, तिच्या कडा साफ कापणं सोपं नसतं. नवशिक्यासाठी पाण्यावर आधारित पीयू (पॉलियुरेथेनचा लेप) हा माझा कौल: वास कमी, पातळ तीन हात, प्रत्येक हातानंतर २४० किंवा ३२० ने अलगद घासायचं. बंद फ्लॅटमध्ये वासाचा मुद्दा छोटा नाही. रंगीत हवं असेल तर वूड प्रायमर, लांबी आणि पाण्यावरचा इनॅमल. आमच्या शेजारणीने तिच्या बाकड्याला शेवाळी रंग दिला, मला माझ्यापेक्षा तो आवडतो.

कोणी जवसाचं तेल लावायला सांगेल. लावा, पण तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती स्वतःहून तापतात आणि पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

शेवटी चारही टोकांना खालून रबरी बुश मारा. पाच-सहा मिलिमीटर उचललेलं बाकडं पोछ्याच्या पाण्यापासून वाचतं, आणि लादी समपातळीत नसेल तर एका बुशखाली पुठ्ठा घालून डुगडुग घालवता येते.

उरलेल्या पट्टीचं शेल्फ

५१४ रुंदीची ती पट्टी भिंतीवरच्या पुस्तकांच्या फळ्यांना पुरते. त्यासाठी एक आकडा लक्षात ठेवा: पुस्तकं ठेवायची असतील तर १८ च्या प्लायला ६०० ते ७५० मिलिमीटरच्या आत आधार द्या. फळी पुस्तकांनी भरलेली असताना आधारांमधलं अंतर दुप्पट केलं, तर झोळ सोळापट होतो. जास्त लांबी हवीच असेल तर पुढच्या कडेखाली ४० मिलिमीटरची उभी पट्टी चिकटवा.

भिंत कशाची आहे ते ड्रिलच्या भुशावरून कळतं. लाल भुसा म्हणजे वीट, स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती साधी प्लॅस्टिकची गिट्टी चालते. करडा आणि बिट पुढे सरकत नसेल तर काँक्रीट, हॅमर ड्रिल लागेल. नव्या टॉवरमधल्या भिंती बऱ्याचदा अशाच असतात. पांढरट, मऊ आणि बिट लोण्यासारखं आत गेलं तर हलक्या ठोकळ्यांची भिंत, तिथे साधी गिट्टी फिरून बाहेर येते, त्या ठोकळ्यांसाठीचेच वेगळे अँकर मागा. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नका, वायरिंगची नळी बहुतेक तिथूनच गेलेली असते. पाडायचंच असेल तर आधी मेन स्विच बंद करा आणि बॅटरीवर चालणारं ड्रिल शेजाऱ्यांकडून मागून आणा.